रेडिटवरचा २०२३ चा 'बंद' आणि छंदाचे गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिट या गटागटांनी गप्पा आणि प्रश्नोत्तरं चालणाऱ्या संकेतस्थळावर २०२३ मध्ये छंदाच्या गटांनी जो बंद पाळला, त्याला मी सभ्य निषेध म्हणते. त्यावरून हे प्रश्न मला गेली काही वर्षं येत आहेत. कुणी बागकामाचा गट चालवतं, कुणी टपाल तिकिटांचा, कुणी फक्त वाचक असतं. तेच तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा उत्तरं एका जागी ठेवली आहेत. क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. जिथे एक उत्तर दुसऱ्यावर टेकतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जून २०२३ मध्ये रेडिटवर नेमकं झालं काय?

१२ जून २०२३ ला आठ हजारांहून जास्त गटांनी आपापली दारं बंद केली. बहुतेकांनी ठरवल्याप्रमाणे ती दोन दिवस बंद ठेवली, काहींनी त्याहून जास्त. कारण होतं कंपनीचा नवा दर. बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या ॲपना रेडिटवरची माहिती आजवर फुकट मिळत होती, ती १ जुलैपासून विकत घ्यावी लागणार होती. इतके गट एकदम बंद झाले की त्या सकाळी रेडिट स्वतःच काही काळ कोलमडलं. मला तेव्हा एका पेनाच्या निबबद्दल काहीतरी शोधायचं होतं. गूगलने दाखवलेल्या पहिल्या तीन-चार दुव्यांवर कुलूप होतं. आपली किती माहिती अनोळखी माणसांच्या फुकटच्या मेहनतीवर चालते, हे त्या दिवशी चांगलंच लक्षात आलं.

२. हे गट चालवणारे रेडिटचे नोकर असतात का?

नाही. रेडिट २००५ पासून चालू आहे आणि त्याची रचना गटांची आहे; एकेका गटाला सबरेडिट म्हणतात. विणकाम, मत्स्यालय, जुने कॅमेरे, इतिहास, कीबोर्ड, काहीही. प्रत्येक गटाचे नियम त्यातले स्वयंसेवक ठरवतात आणि जाहिरातबाजी, शिवीगाळ, भलतेसलते फोटो तेच काढतात. त्यांना मॉडरेटर म्हणतात, बोलताना नुसतं मॉड. पगार शून्य. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा या फुकट श्रमांची किंमत वर्षाला किमान ३४ लाख डॉलर निघाली.

गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता डोळ्यांसमोर आणा. मांडव त्याचा, वर्गणीची वही त्याची, रात्रीची जागरणंही त्याची. फक्त मैदान दुसऱ्याच्या मालकीचं.

३. एपीआय म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

हॉटेलात पुढच्या दाराने गिऱ्हाईक येतं, आणि बाजूला एक पार्सलची खिडकी असते. एपीआय म्हणजे ती खिडकी. माणसाने संकेतस्थळ उघडलं तर तो पुढच्या दाराने आला. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने 'या गटातल्या नव्या पोस्ट दे' म्हटलं तर तो खिडकीवर आला. असं प्रत्येक मागणं म्हणजे एक मागणी, आणि नवा दर याच मागण्यांना होता. अपोलो, सिंक, बेकनरीडर, रेडिट इज फन ही ॲप सगळी खिडकीवरची. मॉडरेटरांचे बॉट, म्हणजे आपोआप कामं करणारे छोटे प्रोग्रॅम, तेही तिथूनच काम करत.

४. दर खरंच जास्त होता, की उगाच आरडाओरडा झाला?

आकडे सांगते, तुम्हीच ठरवा. दर होता एक हजार मागण्यांना २४ सेंट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अपोलो ॲप महिन्याला ७०० कोटी मागण्या करत होतं. त्याचा निर्माता ख्रिश्चन सेलिग याने ३१ मे रोजी हिशेब जाहीर केला: महिन्याला सुमारे १७ लाख डॉलर, वर्षाला दोन कोटी. एक सरासरी वापरकर्ता दिवसाला ३४४ मागण्या करतो, म्हणजे डोईमागे महिन्याला अडीच डॉलर. आणि हे सगळं जमवायला हातात महिनाभर.

पैसे मागणं मला गैर वाटत नाही, आणि सेलिगनेही तसं म्हटलं नव्हतं. पाणी फुकट येत नाही, सर्व्हरही येत नाहीत. कंपनी तेव्हा नफ्यात नव्हती, शेअर बाजारात उतरायची तयारी चालू होती, आणि एआय कंपन्या रेडिटवरचं लिखाण फुकटात उपसून नेत आहेत ही तक्रारही खरी होती. खटकली ती मुदत. भाडं वाढवणं वेगळं आणि पावसाळ्याच्या तोंडावर महिन्याची नोटीस देणं वेगळं. अपोलो ३० जूनला बंद झालं. सिंक, बेकनरीडर आणि रेडिट इज फनही गेले.

५. मी तर कधी बाहेरचं ॲप वापरलंच नाही. मला राग यायचं कारण काय?

राग आलाच पाहिजे असं नाही. बहुसंख्य सभासद तुमच्यासारखेच होते, आणि हीच मॉडरेटरांची अडचण होती. ज्यांची गैरसोय व्हायची होती ते थोडे होते, पण नेमके तेच गट उभे ठेवणारे होते.

अंध सभासदांचा 'ब्लाइंड' नावाचा गट घ्या. फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारी स्क्रीन रीडर प्रणाली रेडिटच्या स्वतःच्या ॲपशी नीट जुळत नव्हती, म्हणून ही मंडळी बाहेरची ॲप वापरत. नवे दर म्हणजे त्यांना रस्ताच बंद. ओरड झाल्यावर कंपनीने नफा न कमावणाऱ्या सुलभता-ॲपना सूट दिली. रेडरीडर, डिस्टोपिया आणि लूना ही तीन त्यात बसली. वाचणाऱ्यांची सोय झाली. पण गट चालवायची साधनं या ॲपमध्ये पुरेशी नव्हती, आणि त्या गटाचे मॉडरेटर स्वतःच अंध. आपला गट राखायला डोळस माणसाचा हात धरावा लागणार, हे त्यांनी शांतपणे, मुद्देसूद लिहून मांडलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात भिडलेलं लिखाण तेच.

६. 'दार बंद' म्हणजे गट पुसून टाकतात का?

नाही. दुकानाच्या शटरसारखं आहे. 'खासगी' केलं की शटर पूर्ण खाली: सभासद नसलेल्याला आतलं काहीच दिसत नाही. 'मर्यादित' केलं की शटर अर्धं: जुनं सगळं वाचता येतं, नवी पोस्ट टाकता येत नाही. माल दोन्हीत सुरक्षित असतो. हा फरक पुढे ७ आणि १४ मध्ये लागणार आहे.

७. तुम्ही याला सभ्य म्हणता. लाखो लोकांची अडवणूक करणं सभ्य कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि योग्य आहे. आपल्याकडे 'बंद' म्हटलं की फोडलेल्या काचा आणि जळणारे टायर आठवतात. कडकडीत बंद पाळला की पाळायला लावला, हे कुणी विचारत नाही.

मी ज्या गटांना सभ्य म्हणते त्यांनी काय केलं ते बघा. आधी सूचना लावली, बहुतेक ठिकाणी आठवडाभर आधी: कोणत्या तारखेला, किती दिवस, कशासाठी. अनेकांनी सभासदांचं मत घेतलं. मागणी दरांबद्दल ठेवली, माणसांबद्दल नाही. कंपनीच्या साध्या कर्मचाऱ्यांना त्रास देऊ नका, असं 'सेव्ह थर्ड पार्टी ॲप्स' या गटाच्या आवाहनात आणि बऱ्याच गटांच्या सूचनांत स्पष्ट होतं. आणि जे बंद केलं ते त्यांनी स्वतः राखलेलं होतं, दुसऱ्याच्या दुकानाला हात लावला नाही.

आस्कहिस्टोरियन्स हा गट मला नमुन्यादाखल घ्यावासा वाटतो. तिथे इतिहासाच्या प्रश्नांना जाणकार लोक लांबलचक उत्तरं देतात, आणि अर्धवट उत्तर निर्दयपणे काढलं जातं. त्यांनी आपल्या कामाला कोणती बाहेरची साधनं लागतात आणि ती गेली तर नेमकं काय बिघडेल हे समजावून सांगितलं. दोन दिवस शटर पूर्ण ओढलं, मग अर्धं. जुनी उत्तरं वाचायला खुली, नवे प्रश्न बंद. परीक्षेच्या तोंडावर कुणाला फ्रेंच क्रांती हवी असेल तर मिळत होती. निषेध होत होता आणि वाचकाचं नुकसान कमीत कमी होतं.

अडवणूक झाली नाही असं मी म्हणणार नाही. त्या दोन दिवसांत कुणाच्या तरी फिशटँकमधले मासे आजारी असतील, आणि उपाय बंद शटरच्या आत असेल. म्हणूनच मला अर्धं शटर जास्त पसंत आहे.

८. सगळीकडे जॉन ऑलिव्हरचे फोटो टाकायचं काय प्रकरण होतं?

बंद दोन दिवसांनी संपला तरी काही गट उघडेनात. तेव्हा कंपनीने मॉडरेटरांना सांगितलं की उघडा, नाहीतर उघडणारे दुसरे आणू. मग 'पिक्स' या फोटोंच्या प्रचंड गटाने सभासदांना विचारलं: नेहमीसारखं चालू करायचं, की इथून पुढे फक्त टीव्हीवरचा विनोदी निवेदक जॉन ऑलिव्हर याचेच फोटो चालतील? सभासदांनी ऑलिव्हरला धो धो मतं दिली. गट उघडा, नियम सभासदांनी ठरवलेला, कंपनीला बोट ठेवायला जागा नाही. खुद्द ऑलिव्हरने आपले आणखी चित्रविचित्र फोटो पुरवले. 'स्टीम' हा व्हिडिओ गेमच्या दुकानाचा गट. तिथे लोक खऱ्याखुऱ्या वाफेचे फोटो टाकू लागले.

गोगलगाय आणि पोटात पाय. कुणाला शिवी नाही, कुणाचं नुकसान नाही, आणि जाहिरातदाराला मात्र कळतं की इथे काहीतरी बिनसलंय.

९. म्हणजे सगळेच शहाण्यासारखे वागले?

छे. मुख्य कार्यकारी स्टीव्ह हफमन यांनी ९ जूनला प्रश्नोत्तरांचं सत्र घेतलं, त्यात मुद्द्यांइतकीच शिवीगाळही होती. जुलैत रेडिटने सगळ्यांनी मिळून रंगवायचा 'प्लेस' नावाचा फळा उघडला, तर त्यावर हफमन यांच्या नावाने मोठमोठ्या अक्षरांत शिव्या रंगल्या. काही गटांनी आपल्यावर 'प्रौढांसाठी' असा शिक्का मारून घेतला, म्हणजे जाहिराती बंद होतील. मग तिथे खरोखरच अश्लील फोटो येऊ लागले. कल्पना चतुर होती, पण जे सभासद मांजरांचे व्हिडिओ बघायला येत होते त्यांनी काय घोडं मारलं होतं?

याआधी जुलै २०१५ मध्ये एका लोकप्रिय कर्मचारी महिलेला काढल्यावरून असाच बंद झाला होता. तेव्हाच्या हंगामी प्रमुख एलन पाओ यांच्यावर इतकी खालच्या पातळीची टीका झाली की मूळ मुद्दा बाजूलाच राहिला, आणि १० जुलैला त्या पायउतार झाल्या. त्या मानाने २०२३ चे छंदाचे गट बरेच संयमी होते. मोठे, करमणुकीचे गट आणि छोटे, एका विषयाचे गट यांत मला फरकही दिसला. ज्याला पुढच्या आठवड्यात याच माणसांना मफलरीचा टाका विचारायचा आहे, तो तोंड सांभाळून बोलतो.

१०. कंपनीने मॉडरेटरांना खरंच काढलं का?

काही ठिकाणी, हो. प्रौढांसाठीचा शिक्का लावलेल्या एका मोठ्या गटातले सगळे मॉडरेटर काढले गेले. बहुतेक ठिकाणी नुसत्या इशाऱ्याने काम झालं. त्याच दिवसांत एका मुलाखतीत हफमन यांनी मॉडरेटरांना पिढीजात जमीनदारांची उपमा दिली. जो आधी येऊन बसला त्याचीच सत्ता, त्याला हटवायची सोय नाही, असा त्यांचा मुद्दा. ते वाचून मला आपले वतनदार आठवले. झोंबणारी उपमा होती, पण पूर्ण खोटी नव्हती. कित्येक गटांत दहा वर्षं तेच चार लोक बसलेले असतात. ज्या गटांनी बंदच्या आधी सभासदांना विचारलं होतं, त्यांच्यावर मात्र हा वार लागू पडत नव्हता.

११. मग एवढं करून मिळालं काय?

मूळ मागणीबद्दल बोलायचं तर काही नाही. दर तसाच राहिला. बंद चालू असतानाच हफमन यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं होतं की हेही वादळ निघून जाईल, आणि ते निघून गेलं. दोन दिवसांनी संपणार हे आधीच जाहीर केलेल्या संपाला कोण घाबरणार?

फुटकळ गोष्टी मिळाल्या. सुलभता-ॲपना सूट मिळाली (प्रश्न ५), मॉडरेटरांचे बॉट फुकट राहिले, आणि पुशशिफ्ट या जुन्या पोस्ट शोधायच्या साधनाचा वापर मॉडरेटरांपुरता परत मिळाला. यातलं काही बंदच्या आधीच, नुसत्या मागणीच्या दबावाने आलं. मार्च २०२४ मध्ये कंपनी ३४ डॉलरच्या भावाने शेअर बाजारात उतरली.

त्याच काळातला दुसरा संप मात्र वेगळा निघाला. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टॅक एक्सचेंजच्या मॉडरेटरांनी ५ जून २०२३ ला काम थांबवलं, मुद्दा एआयने लिहिलेल्या उत्तरांचा. त्यांनी वाटाघाटीसाठी प्रतिनिधी निवडले, संपाला शेवटची तारीख दिली नाही, आणि ऑगस्टमध्ये लेखी समझोता करून परतले. सौजन्य दोन्हीकडे होतं. टेबलावर बसायला नेमलेली माणसं एकीकडेच होती.

१२. लेमी, फेडिव्हर्स वगैरे ऐकलं. लोक तिकडे गेले का?

थोडे गेले. लेमी हे रेडिटसारखंच दिसणारं, पण कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं सॉफ्टवेअर आहे. ईमेलसारखं समजा: तुमचं खातं एका कंपनीत, माझं दुसऱ्या, तरी पत्र पोचतं. असे एकमेकांशी बोलणारे सर्व्हर मिळून जे जाळं होतं ते फेडिव्हर्स. स्टार ट्रेकच्या चाहत्यांच्या मॉडरेटरांनी स्वतःचा लेमी सर्व्हर उभारला, अँड्रॉइडवाल्यांनी त्यांचा. 'ब्लाइंड' गटानेही आपलं घर बांधलं.

पण माणसं हलवणं म्हणजे झाड हलवणं. २०१० मध्ये डिग या संकेतस्थळाचा नवा अवतार लोकांना आवडला नाही आणि झुंडीच्या झुंडी रेडिटकडे आल्या, ती गोष्ट सगळे सांगतात. तेव्हा रेडिट तयार घर होतं. २०२३ मध्ये लेमीच्या भिंतींचा गिलावाही ओला होता. काही दिवसांतच बीहॉ नावाच्या सर्व्हरने गर्दी झेपत नाही म्हणून दोन मोठ्या सर्व्हरांशी संबंध तोडला. के-बिन (kbin) नावाचं दुसरं साधन लोकप्रिय झालं; त्याचा मुख्य सर्व्हर पुढच्याच वर्षी बंद पडला. मालक कंपनीऐवजी एखादा हौशी तरुण असला, तरी तोही आजारी पडतो, थकतो.

१३. आम्ही गट व्हॉट्सॲपवर किंवा डिस्कॉर्डवर हलवू का?

गप्पांसाठी हलवा, ज्ञानासाठी नको. व्हॉट्सॲपच्या गटात १०२४ माणसं मावतात, आणि तीन महिन्यांपूर्वी सांगितलेला मावा किडीवरचा उपाय शुभ सकाळच्या ढिगाऱ्याखाली गाडला जातो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर शोधायची सोय आहे, पण ती आतल्यांसाठी. गूगलवरून कुणी तिथे पोचत नाही. काही गटांनी मधला मार्ग काढला: गप्पा डिस्कॉर्डवर, आणि पक्की माहिती विकीसारख्या उघड्या पानावर. आमच्याकडे तेच करतो. पान कोण लिहिणार यावरून दरवेळी भांडण होतं, ते वेगळं.

१४. निषेध म्हणून मी माझं सगळं जुनं लिखाण पुसून टाकू का?

तुमचं आहे, तुमचा हक्क आहे. तरी माझं मत सांगते: नको. २०२३ मध्ये अनेकांनी हजारो कमेंट साधन लावून पुसल्या. कंपनीला त्याचा ओरखडाही उठला नाही. ज्याला तीच बिघडलेली शिलाई यंत्राची पट्टी बदलायची होती, त्याला मात्र प्रश्न दिसला आणि उत्तराच्या जागी रिकामी ओळ.

काहींच्या पुसलेल्या कमेंट परत दिसू लागल्या आणि मोठा संशय निर्माण झाला. त्यात एक साधं कारणही होतं: गट खासगी असताना (प्रश्न ६) त्यातल्या तुमच्या कमेंट पुसणाऱ्या साधनाला दिसतच नव्हत्या. शटर वर गेल्यावर त्या जशाच्या तशा समोर आल्या.

पुसायचंच असेल तर आधी आपल्या माहितीची प्रत मागवा. रेडिटच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे. मग उपयोगाच्या उत्तरांना दुसरीकडे घर द्या, आणि नंतर पुसा.

१५. मतदान घेतलं, पण कधी न दिसणारे लोक येऊन मत देऊन गेले. आता?

असं बऱ्याच गटांत झालं. आवाहन पसरलं की सहानुभूतीवाले येतात आणि विरोधकही. काहींनी फक्त जुन्या सभासदांची मतं मोजली, काहींनी मताबरोबर एक ओळ कारण मागितलं. दुसरा उपाय मला आवडतो. बाहेरचा माणूस बटण दाबून जातो, पण 'मी इथे २०१९ पासून बोन्साय शिकतोय, मला काय वाटतं ते असं' हे लिहायला तो थांबत नाही. निकाल काठावरचा असेल तर बंद करू नका. ५२ विरुद्ध ४८ ने घेतलेला निर्णय म्हणजे अर्ध्या गटाशी भांडण.

१६. आमचा गट आजारपणात आधार देणाऱ्यांचा आहे. आम्हीही बंद करायला हवं होतं का?

नाही. व्यसनमुक्ती, मानसिक आधार, दुर्मीळ आजार असे गट उघडे राहिले तर त्यांना कुणी फुटीर म्हणू नये, आणि समंजस गटांनी म्हटलंही नाही. दवाखाने आणि दूध संपातून वगळतात, तसंच हे. वरती एक सूचना लावून पाठिंबा देता येतो.

खरेदी-विक्रीच्या गटांचं वेगळं दुखणं. कुणी पैसे पाठवलेत आणि कीबोर्ड अजून यायचाय, अशा वेळी शटर ओढलं तर व्यवहाराचा पुरावाच आत अडकतो. तिथे अर्धं शटरच बरं: जुने व्यवहार दिसत राहू द्या, नवे थांबवा.

१७. आम्ही मराठी गटवाले. रेडिटशी आमचा काय संबंध?

ऑर्कुट आठवतंय? कवितांपासून किल्ल्यांपर्यंत कितीतरी मराठी कम्युनिटी तिथे नांदत होत्या. ३० जून २०१४ ला सूचना आली, ३० सप्टेंबरला ऑर्कुट संपलं. तीन महिने मिळाले होते, आणि बहुतेक गटांनी ते हळहळण्यात घालवले. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण बंद झाले. परदेशातल्या कितीतरी मराठी मंडळांचा पत्रव्यवहार अशाच ईमेल-गटांवर चालायचा. तिथे भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. सभासदांची यादी सभासदांच्या परवानगीने दुसरीकडे ठेवलेली असणं आणि पडझड झाली तर कुठे भेटायचं हे आधी ठरलेलं असणं, एवढ्यावर गट टिकले किंवा विखुरले.

१८. आज तसाच बंद पुन्हा करता येईल का?

रेडिटवर, त्याच पद्धतीने नाही. ३० सप्टेंबर २०२४ पासून गट खुल्याचा खासगी करायचा किंवा त्यावर प्रौढांसाठीचा शिक्का लावायचा तर मॉडरेटरला कंपनीची परवानगी मागावी लागते. शटरची किल्ली मैदानमालकाने आपल्याकडे घेतली. गटाचे नियम ठरवायचं काम मात्र अजून मॉडरेटरांकडेच आहे.